निळा किनारा : हवापालट आणि कायमचा मुक्काम

आजाऱ्यानें किंवा वृद्धानें हवापालटासाठीं बाहेरगांवीं जावें, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. आमच्या वडिलांच्या काळीं घरांतील कोणी सारखा खोकूं लागला, म्हणजे वैद्य पुडी बांधतां बांधतां पांचगणीचें किंवा देवळालीचें नांव घेत. आणि ज्याची ऐपत असे, तो दोन महिने तेथें बिऱ्हाड करून येई. आपल्या आयुर्वेदकारांनीं तर देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन भेद करून, कोणत्या देशांत कोणता दोष बळावतो याचें विवेचनच करून ठेविलें आहे. याच कल्पनेनें यूरोपांत एका सबंध किनाऱ्याचें नशीब कसें पालटलें, आणि मुलांमुलींच्या निमित्तानें आज तेथें जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनीं त्यापासून काय बोध घ्यावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां तेथें सात आठवडे राहून आलों. तेव्हां पुढील मजकुरांत वाचलेलें थोडें आणि पाहिलेलेंही थोडें आहे.

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यांत, इटलीच्या सरहद्दीला लागून, भूमध्यसमुद्राचा जो किनारा आहे त्यास रिव्हिएरा म्हणतात. स्तेफेन लिएजार या फ्रेंच ग्रंथकारानें १८८७ सालीं आपल्या पुस्तकास ‘कोत दाझ्यूर’, म्हणजे ‘निळा किनारा’, असें नांव दिलें, आणि पुढें तेंच त्या प्रदेशाचें नांव होऊन बसलें. नीस हें तेथील मुख्य शहर. त्याच्या पश्चिमेस आंतीब आणि कान, पूर्वेस मोनाकोचें चिमुकलें संस्थान, आणि अगदीं सरहद्दीवर मांतों. मराठी वाचकांच्या परिचयाचें मार्सेल्स बंदर येथून आगगाडीनें सुमारें अडीच तासांच्या वाटेवर आहे. १९१० च्या जुलै महिन्यांत सावरकरांनीं ‘मोरिया’ बोटीवरून समुद्रांत उडी घेतली, ती त्याच बंदरांत.

नीस शहर सुमारें पावणेचव्वेचाळीस अक्षांशावर आहे. रशियाच्या पूर्व टोकाचें व्लादिवोस्तोक बंदर जवळजवळ त्याच अक्षांशावर. परंतु तिकडे हिवाळ्यांत समुद्राचें पाणी गोठतें, आणि इकडे जानेवारींत रस्त्याच्या कडेच्या झाडांना नारिंगें लोंबत असतात. याचें कारण भूगोल शिकविणाऱ्यास सांगणें सोपें आहे. शहराच्या पाठीशीं आल्प्स पर्वताची भिंत उभी आहे. तिचीं कांहीं शिखरें तीन हजार मीटरांहूनही उंच आहेत. उत्तरेकडील थंड वारा त्या भिंतीवर अडतो. प्रोव्हांस प्रांताला कांपरें भरविणारा ‘मिस्त्राल’ नांवाचा वायव्येचा वारा पश्चिमेकडील एस्तेरेलच्या डोंगरांपलीकडे आपला जोर बराचसा ओसरून येतो. शिवाय उन्हाळ्यांत तापलेला समुद्र आपली ऊब हिवाळाभर हळूहळू सोडीत राहतो. त्यामुळें भर जानेवारींतही दुपारचें उष्णमान तेरा अंशांच्या आसपास असतें. वर्षाकांठीं सुमारें २,७०० तास स्वच्छ ऊन पडतें. लंडनच्या वांट्याला याहून हजार तास तरी कमी ऊन येतें.

पावसाची गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. नीस येथें वर्षास सातशें ते आठशें मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ पुण्याइतकाच. परंतु आपला पावसाळा तोच त्यांचा कोरडा काळ. आणि त्यांचा मुख्य पाऊस आक्टोबर-नोव्हेंबरांत, थोड्याच दिवसांत, मुसळधार कोसळतो. २०२० सालच्या आक्टोबरच्या २ तारखेस आलेल्या ‘अलेक्स’ नांवाच्या वादळानें नीसच्या मागील व्हेस्युबी आणि रोया या दोन नद्यांच्या खोऱ्यांत रस्ते, पूल आणि घरें वाहून नेलीं. चित्रांतील निळा किनारा पाहून तेथें घर घेण्यास निघणाऱ्यानें हेंही चित्र डोळ्यांसमोर ठेवावें.

या किनाऱ्याचा इतिहास जुना आहे. मार्सेल्स येथें वसलेल्या ग्रीक लोकांनीं ख्रिस्तपूर्व काळींच येथें ठाणीं घातलीं. नीस हें नांव विजयवाचक ग्रीक ‘निकाइआ’ शब्दावरून आलें. आंतीबचें मूळ नांव ‘आंतीपोलिस’, म्हणजे समोरचें नगर. परंतु परक्यांनीं केवळ उन्हासाठीं येथें येऊन राहण्याची चाल अवघी अडीचशें वर्षांची आहे. स्मॉलेट हा स्कॉटिश कादंबरीकार, जो स्वतः वैद्यही होता, छातीच्या विकारानें त्रासून १७६३ मध्यें नीसला आला. त्याचें प्रवासवर्णन १७६६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत त्यानें लोकांविषयीं पुष्कळ कुरकुर केली असली, तरी हवेची स्तुति केली. आणि इंग्रजांनीं कुरकुर विसरून स्तुति तेवढी लक्षांत ठेविली.

कान शहराची कथा याहून मौजेची आहे. १८३४ सालीं इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम हे इटलीकडे निघाले होते. तेव्हां नीस फ्रान्समध्यें नसून सार्डिनियाच्या राज्यांत होतें, आणि व्हार नदी ही सरहद्द होती. फ्रान्सांत पटकीची साथ असल्यामुळें पहारेकऱ्यांनीं त्यांस नदीपलीकडे जाऊं दिलें नाहीं. मागें फिरून त्यांनीं कान नांवाच्या कोळ्यांच्या खेड्यांत मुक्काम केला. तेथली हवा त्यांस इतकी मानवली कीं, त्यांनीं जागा घेऊन बंगला बांधला, आणि १८६८ सालीं देह ठेविला तोही तेथेंच. त्यांच्यामागून त्यांचे स्नेही आले, आणि कोळ्यांचें खेडें श्रीमंतांचें शहर झालें. नीस १८६० मध्यें फ्रान्सला जोडलें गेलें. मांतों गांव मोनाकोच्या राजानें १८६१ सालीं चाळीस लक्ष फ्रँक घेऊन फ्रान्सला दिलें. १८६४ मध्यें आगगाडी नीसला पोंचली. यानंतर हिवाळी पाहुण्यांचा ओघ कोण थांबविणार ? व्हिक्टोरिया राणी १८९५ पासून १८९९ पर्यंत दर वसंतांत नीसच्या सिमिए टेंकडीवर येऊन राहत असे; तिचा हिंदी मुनशी अब्दुल करीम हाही तिच्याबरोबर असे. पुण्यांतील आगाखान पॅलेस ज्यांनीं बांधिला, त्या तिसऱ्या आगाखानांनींही पुढें कानजवळ ल कानेत येथें घर केलें होतें.

नीसचा समुद्रकांठचा प्रसिद्ध रस्ता आज ‘इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता’ या अर्थाच्या फ्रेंच नांवानें ओळखला जातो. तेथें सकाळीं फिरतांना आम्हांस आपल्याकडील दुष्काळी कामांची आठवण झाली, आणि ती अस्थानीं नाहीं. १८२० नंतरच्या दशकांत, एका कडक हिवाळ्यानें पिकें बुडून अन्नास महाग झालेले लोक शहरांत भीक मागूं लागले. तेव्हां ल्युइस वे नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें आपल्या लोकांत वर्गणी जमवून, त्या लोकांना समुद्रकांठानें वाट बांधण्याचें काम दिलें. पाहुण्यांना फिरावयास जागा झाली आणि गांवकऱ्यांच्या पोटाला अन्न मिळालें. पाहुण्यांच्या पैशावर गांव चालण्याची ही रीत तेव्हांपासून पडली, ती आजतागायत सुटलेली नाहीं. याच रस्त्यावर १४ जुलै २०१६ च्या रात्रीं एकानें गर्दींत मालमोटर घालून ८६ माणसें मारिलीं. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या खुणेपाशीं आजही लोक क्षणभर थांबतात.

मौज अशी कीं, या किनाऱ्याची जी वनश्री पाहून मन प्रसन्न होतें, तीही बहुतेक बाहेरून येऊन स्थायिक झालेली आहे. ऑलिव्हची झाडें फार जुनीं. परंतु ताडासारखे वृक्ष कॅनरी बेटांतून, फेब्रुवारींत पिवळ्या फुलांनीं डवरणारा ‘मिमोझा’ ऑस्ट्रेलियांतून, आणि बोगनवेल दक्षिण अमेरिकेंतून आणलेली आहे. मांतोंचें लिंबू तर इतकें नांवाजलेलें कीं, १९३४ पासून तेथें दर हिवाळ्यांत लिंबांचा उत्सव भरतो. पण लिंबाच्या सगळ्या कुळाचें मूळ शास्त्रज्ञ हिमालयाच्या पायथ्याशीं शोधतात. आपल्या कोंकणांतील बागाईतदारांचा जुना वैरी जो माडावरचा सोंड्या भुंगा, तोही २००६ पासून फ्रान्समध्यें जाऊन पोंचला असून त्यानें तेथील शेंकडों वृक्षांचे शेंडे पोखरून टाकिले आहेत. झाडांबरोबर त्यांचे रोगही देशांतर करितात, असेंच म्हणावयाचें.

आतां मुख्य प्रश्न. त्या उन्हानें खरोखर रोग बरे होत होते काय ? मांतोंच्या टेंकडीवर, जुन्या किल्ल्याच्या जागीं, एक दफनभूमि आहे. तेथें आम्ही एक दुपार घालविली. खालीं समुद्र, समोर इटलीचा किनारा, आणि भोंवतीं इंग्रज, रशियन, जर्मन अशा नाना देशींच्या लोकांचीं थडगीं. त्यांवरील सालें वाचून वजाबाकी करूं लागलें, म्हणजे विशी-पंचविशींतील तरुण किती होते हें पाहून मन विषण्ण होतें. रग्बी खेळाचा जनक म्हणून ज्याची आख्यायिका सांगतात तो वेब एलिस येथेंच निजला आहे. ऑब्री बियर्डस्ली हा नामांकित इंग्रज चित्रकार १८९८ मध्यें वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं मांतोंमध्येंच क्षयानें वारला. रशियन कथालेखक चेखोव्ह स्वतः डॉक्टर. त्यानें १८९७-९८ चा हिवाळा नीसमध्यें काढला आणि १९०० अखेर तो पुन्हां आला. पण १९०४ सालीं, चव्वेचाळिसाव्या वर्षीं, त्याच रोगानें त्यास गांठलें.

याच्या उलट उदाहरण डॉक्टर जेम्स हेन्री बेनेट यांचें. १८५९ मध्यें हे इंग्रज डॉक्टर मांतोंला आले, ते निवांतपणें मरावें म्हणून. परंतु प्रकृति सुधारली, आणि पुढें ते बत्तीस वर्षें जगले. त्यांच्या पुस्तकानेंच मांतोंकडे आजाऱ्यांची रीघ लागली. एकाच रोगाचे, एकाच उन्हांत बसलेले दोन रोगी. एक तरतो, दुसरा मरतो. १८८२ सालीं कोख यांनीं क्षयाचा जंतु दाखवून दिला, आणि १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिन हातीं आलें, तेव्हां यांतील गूढ उकललें. उन्हानें आणि मोकळ्या हवेनें शरीरास विश्रांति व भूक मिळे. रोगाचें निर्मूलन मात्र त्या उन्हानें होत नसे. बेनेट यांच्या चरित्रांतील दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. ते मांतोंला हिवाळ्यापुरतेच राहत आणि उन्हाळ्यांत इंग्लंडांत परत जाऊन आपला धंदा पाहत. आणि मांतोंतही ते रिकामे बसत नसत, तर रोगी तपाशीत व बाग लावीत. हवा त्यांस लाभली. परंतु त्यांनीं घर मोडलें नाहीं आणि हातचें काम सोडलें नाहीं.

पुढें काळ बदलला. १९१४ च्या महायुद्धानें जुने हिवाळी पाहुणे पांगले. १९२० नंतर उन्हाळ्यांत समुद्रस्नान करण्याची चाल पडली. १९३६ सालीं फ्रान्सच्या सरकारनें कामगारांना पगारी रजेचा हक्क दिला, आणि सामान्य माणूसही येथें येऊं लागला. हिवाळी विश्रामनगरीचा नमुना म्हणून २०२१ मध्यें युनेस्कोनें नीसला जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. आपल्या लोकांचा संबंध येतो तो मात्र दुसऱ्याच कारणानें. आंतीबच्या मागील पठारावर १९६९ सालीं सोफिया आंतीपोलिस नांवाची शास्त्र आणि यंत्रविद्या यांची वसाहत स्थापन झाली. तेथील संगणकाच्या कचेऱ्यांतून आज कितीतरी हिंदी तरुण काम करितात, आणि त्यांचे आईबाप त्यांच्याकडे जातात.

असेंच आमच्या परिचयाचें एक जोडपें आम्हांस तेथें भेटलें. यजमान सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले, बाईंना संधिवात. मुलगा-सून सोफिया आंतीपोलिसमध्यें नोकरीस. “आई-बाबा, पुण्याचें घर विका आणि इकडेच या,” असा मुलाचा आग्रह. बाई रोज सकाळीं समुद्रकांठीं तासभर उन्हांत चालत. त्या आमच्या मंडळीला म्हणाल्या, “वहिनी, इथें माझा गुडघा बोलायचा थांबलाय हो !” यजमानांचें दुखणें निराळें होतें. मुलगा आणि सून सकाळीं आठाला जात, ते सायंकाळीं सातला येत. हिवाळ्यांत पांचाच्या सुमारास सूर्य मावळे. शेजाऱ्याशीं ‘बोंझूर’ म्हटल्यावर पुढें काय बोलावें हें त्यांस ठाऊक नसे. आणि पुण्यास फोन करावा तर घड्याळ साडेचार तास पुढें, तिकडे निजानीज झालेली. “मास्तर,” ते आम्हांस म्हणाले, “येथें ऊन पुष्कळ आहे, पण उन्हाशीं बोलायचें काय?” घर विकावें कीं विकूं नये, यावरून त्या उभयतांत महिनाभर बोलणें तुटल्यासारखें झालें होतें. बाईंचा गुडघाही खरा, आणि यजमानांचा एकांतवासही खरा. कोणाच्या बाजूनें कौल द्यावा?

आम्हीं कौल न देतां मुलाला बसवून कायदा आणि हिशेब कागदावर मांडावयास लाविलें. तो वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून थोडक्यांत देतों. भेटीसाठीं मिळणाऱ्या शेंगेन परवान्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. त्यासाठीं निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि जुनें दुखणें अशा विम्यांत बहुधा धरीत नाहींत. त्याहून अधिक राहावयाचें तर फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा परवाना काढावा लागतो. त्यांतील ‘पाहुणा’ या वर्गाचा परवाना मिळण्यास स्वतःचें पुरेसें उत्पन्न, राहण्याची सोय आणि विमा दाखवावा लागतो, व तेथें नोकरीधंदा न करण्याचें लिहून द्यावें लागतें. वर्षांतून सहा महिन्यांहून अधिक काळ तेथें काढला, कीं करआकारणीचा प्रश्न उभा राहतो. दोन्ही देशांत १९९२ चा करार आहे, तरी जाणत्याचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकूं नये. जुनें घर विकत घेतलें, तर किंमतीवर सुमारें सात-आठ टक्के खर्च दस्तऐवजाचा येतो. शिवाय फ्रान्सच्या कायद्यानें मुलांचा वांटा राखून ठेविलेला आहे : एक अपत्य असल्यास मिळकतीचा अर्धा भाग, दोन असल्यास दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असल्यास तीन चतुर्थांश. मृत्युपत्र करून सर्व मिळकत पत्नीच्या नांवें ठेवीन म्हणणाऱ्यानें हें आधीं समजून घ्यावें.

खाण्यापिण्याची अडचण मात्र आपण समजतों तितकी नाहीं. नीसच्या जुन्या पेठेंत ‘सोक्का’ नांवाचा पदार्थ मिळतो. तो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचें, ऑलिव्हच्या तेलावर, लांकडाच्या भट्टींत भाजलेलें मोठें धिरडेंच होय. तिखटमिठाची सवय असलेल्यानें वरून मिरपूड घालावी, म्हणजे झालें. मात्र कांद्याच्या ‘पिस्सालादियेर’ नांवाच्या भाकरींत मासळी असते. शाकाहारी मंडळींनीं विचारून घ्यावें.

त्या कुटुंबाचा निर्णय असा झाला : पुण्याचें घर विकावयाचें नाहीं, दर वर्षीं डिसेंबर ते फेब्रुवारी असे ९० दिवसांच्या आंत मुलाकडे राहावयाचें, आणि होळीपूर्वीं परत यावयाचें. बाईंच्या सांध्यांस पुण्याची पहाटेची थंडी बाधत असे, ती त्यामुळें चुकते. आणि यजमानांस आपला कट्टा, वाचनालय आणि शेजार उरलेले नऊ महिने मिळतो. यजमानांनीं तेथील तीन महिन्यांसाठीं फ्रेंच भाषेचा प्रारंभिक वर्ग धरला. साठीनंतर धातूंचीं रूपें पाठ करणें जड जातें, हें आम्ही शिक्षकाच्या अनुभवानें जाणतों. परंतु भाजीवालीशीं चार वाक्यें बोलतां येऊं लागल्यापासून ते स्वतः होऊन बाजारांत जाऊं लागले आहेत, असें त्यांच्या पत्रावरून कळतें.

ज्यांना खरोखरच कायमचें राहावयाचें असेल, त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे. प्रथम एक हिवाळा राहून पाहावें, आणि मग एक उन्हाळाही. आगस्ट महिन्यांत तेथें गर्दी, उकाडा आणि महागाई यांचा कहर असतो. २००३ सालच्या आगस्टांत उष्णतेच्या लाटेनें फ्रान्समध्यें सुमारें पंधरा हजार माणसें दगावलीं. त्यांत एकटीं राहणारीं वृद्ध माणसें फार होतीं. तो काळ घरोघरच्या लोकांचा सुटीवर जाण्याचा असतो, आणि दार ठोठावून विचारपूस करणारें कोणी शेजारीं उरत नाहीं. तेव्हां घर पाहतांना समुद्र किती दिसतो, यापेक्षां दवाखाना, ट्राम आणि आपलें माणूस किती जवळ आहे, हें आधीं पाहावें. जाण्यापूर्वीं वर्षभर भाषेचा अभ्यास करावा. आणि इकडचें घर, निदान दोन वर्षें, विकूं नये.

वानप्रस्थाची कल्पना करणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं घर सोडण्यास सांगितलें, तें मुलांच्या हातीं संसार देऊन मन हलकें झाल्यावर. त्यांनींही सपत्नीक जाण्याची मुभा ठेविली होती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्या उभयतांना जावयाचें, त्या दोघांचेंही मन तेथें रमतें कीं नाहीं, हें एकमेकांना स्पष्टपणें विचारून घ्यावें, आणि मगच सामान बांधावें.